ताण आणि जखमेचे भरून येणे
ताण हा निव्वळ मनाचा खेळ असून आजारातून उठताना शरीराचा त्याच्याशी संबंध नसतो, हे अनेकदा ऐकू येणारे मत मला पटत नाही. ताण लांबला की कॉर्टिसॉल हे ताणाच्या वेळी स्रवणारे संप्रेरक चढे राहते आणि जखमेकडे संरक्षक पेशींना बोलावणारी रसायने कमी पडतात. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर साडेतीन मिलिमीटरची जखम एकदा सुटीत व एकदा परीक्षेच्या तोंडावर केली होती. परीक्षेच्या वेळी ती भरायला सरासरी तीन दिवस, म्हणजे ४० टक्के, अधिक लागले आणि याला एकही विद्यार्थी अपवाद नव्हता. तेही तरुण, धडधाकट! मात्र रुग्णाला ‘ताण घेऊ नका’ असे बजावत राहणे हाही ताणच. त्याऐवजी त्याची झोप मोडू नये आणि वेदना वेळीच शमावी, एवढे पाहणे अधिक उपयोगाचे.