‘हार्ड अगेन’ : मडी वॉटर्स यांचा अल्बम की जॉनी विंटर यांचा?

खर्जप्रेमी : ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे संगीत. त्यातले शिकागोचे गायक-गिटारवादक मडी वॉटर्स यांचा ‘हार्ड अगेन’ १९७७च्या जानेवारीत आला, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. ज्या चेस या रेकॉर्ड कंपनीसाठी ते १९४०च्या दशकापासून गात आले, ती एकाकडून दुसऱ्याकडे विकली गेली होती. त्याच कंपनीने १९६८मध्ये ‘इलेक्ट्रिक मड’ काढून, तरुण गिऱ्हाईक मिळावे म्हणून, त्यांचा आवाज सायकेडेलिक गिटारींच्या गदारोळात लोटून दिला होता. अशा वेळी टेक्सासचे रॉक आणि ब्लूज गिटारवादक जॉनी विंटर यांनी निर्माता म्हणून त्यांना कनेटिकटमधल्या वेस्टपोर्टच्या स्टुडिओत आणले आणि सगळ्यांना एकत्र बसवून, नंतर वेगळी वाजवून जोडलेली भर फारशी न घालता, वाजवू दिले. उतारवयात ब्लूज गायकांनी केलेल्या अल्बमांमध्ये मी याला पहिले स्थान देतो.

यातल्या ‘मॅनिश बॉय’ या गाण्याची सुरुवात लक्षपूर्वक ऐकावी. आधी जवळजवळ एकटा आवाज येतो, घशातून खरवडत निघालेला एक हुंकार, आणि मग सगळी वाद्ये एकदम त्या चार ठोक्यांच्या घोषावर आदळतात. १९५५ची मूळ रेकॉर्ड तीन मिनिटांत आटोपते, तर इथे तेच गाणे, स्वरसंगती एकदाही न बदलता, पाच मिनिटांहून अधिक चालते आणि तरीही ताण कुठे सैल पडत नाही. मागून विंटर आरोळ्या देत राहतात. कित्येकांना त्या खटकतात, पण मूळ रेकॉर्डमध्येही मागे बायकांचे चीत्कार आहेतच. या गाण्याला समोर दाद देणारे माणूस लागते.

स्लाइडवेडा : आपला उत्साह समजतो, पण निष्कर्ष मान्य नाही. या अल्बमला पुनरागमन म्हटले जाते, पण मडी कुठे गेलेच नव्हते. ते अखंड दौरे करत होते आणि चेससाठी केलेल्या शेवटच्या, १९७५च्या ‘वुडस्टॉक अल्बम’लाही ग्रॅमी मिळाले होते. ‘हार्ड अगेन’ने नव्याने मिळवले ते रॉकचे श्रोते, आणि ते विंटर यांच्या नावामुळे आले.

माझा खरा आक्षेप मात्र गिटारीबद्दल आहे. या अल्बमवर मडी गिटार वाजवतच नाहीत. मिसिसिपीच्या स्टोव्हॉल मळ्यातली स्लाइड, म्हणजे तारांवर नळी सरकवत गिटार, वाजवण्याची रीत ज्याने शिकागोत आणून विजेवर चढवली, त्या माणसाच्या हातातून वाद्य काढून घेतल्यावर उरते ते अर्धेच. १९४८च्या ‘आय कान्ट बी सॅटिस्फाइड’मध्ये त्यांची स्लाइड आणि बिग क्रॉफर्ड यांचा बास एवढेच आहे, आणि गळ्यातून अपुरी राहिलेली ओळ काचेसारख्या धारदार सुरात स्लाइड पुरी करते. त्याच गाण्यात इथे स्लाइड वाजवतात विंटर. ती नकल उत्तम आहे, पण नकलच आहे. शिवाय मडींच्या तेव्हाच्या वाद्यवृंदातले हार्मोनिकावादक जेरी पोर्टनॉय आणि गिटारवादक ल्यूथर जॉन्सन या ध्वनिमुद्रणात नाहीत. मग हा वाद्यवृंद कोणाच्या पसंतीचा म्हणायचा?

खर्जप्रेमी : पोर्टनॉय यांच्या जागी जेम्स कॉटन आले, आणि ते १९५४पासून बारा वर्षे मडींच्याच साथीला होते. पियानोवर पाइनटॉप पर्किन्स, ड्रमवर विली स्मिथ आणि दुसऱ्या गिटारीवर बॉब मार्गोलिन ही तिघेही मडींची रोजच्या साथीची माणसे. यात उपरे कोणी असतील, तर विंटर आणि बासवादक चार्ल्स कॅल्मीज.

गिटारीबद्दलची आपली खंत खरी आहे. तरीही वाद्य खाली ठेवल्यामुळे गाण्याचे काय झाले, तेही पाहावे. मडी शब्द ठोक्याच्या किंचित मागे टाकतात, आणि हे मागे राहणे या अल्बममध्ये जितके निवांत आणि बिनधास्त आहे, तितके मला त्यांच्या आधीच्या दहा वर्षांत सापडत नाही. ‘डीप डाउन इन फ्लोरिडा’मध्ये ते ओळ संपवून इतके थांबतात की साथीदारांनाच श्वास धरून वाट पाहावी लागते. हा आत्मविश्वास निर्मात्याला बाहेरून घालता येत नाही.

जुनी तबकडी : दोघांचेही वाचून असे वाटते की आपण चुकीच्या अल्बमवर भांडत आहोत. पुढच्याच वर्षी, १९७८मध्ये, याच विंटर यांनी ‘आय ॲम रेडी’ केला. त्यात मडींच्या हातात गिटार आहे, शेजारी १९५०च्या सुमाराचे त्यांचे सोबती जिमी रॉजर्स आहेत, हार्मोनिकावर वॉल्टर हॉर्टन आहेत आणि पोर्टनॉयही आहेत. विंटर यांना मडींच्या जागी स्वतःला बसवायचे असते, तर त्यांनी ही माणसे गोळा केली नसती. स्लाइडवेडा यांच्या आक्षेपाला ‘हार्ड अगेन’मध्ये उत्तर मिळत नाही, ते इथे मिळते.

स्लाइडवेडा : ‘आय ॲम रेडी’बद्दल पूर्ण सहमत, आणि विंटर यांच्या हेतूवर मी शंका घेतलेली नाही. पण मग मडींचा उत्तरकाळातला सर्वोत्तम अल्बम म्हणून सगळीकडे ‘हार्ड अगेन’च का पुढे केला जातो? माझे उत्तर असे की तो अधिक दणदणीत आहे आणि रॉकच्या कानाला लगेच कळतो. मडींनी १९४८मध्ये जे केले होते, ते हळू आवाजातही थरकाप उडवत असे. त्या कसोटीवर मी ‘हार्ड अगेन’ दुसऱ्या क्रमांकावर ठेवीन. गायनाबद्दल खर्जप्रेमी यांनी जे लिहिले आहे, त्यातला एक शब्दही मात्र मी खोडणार नाही.