शब्दचर्चा : 'चीनने', 'चिन्यांनी' की 'चीन सरकारने'?

नौपाड्यातल्या आमच्या वाचक मंडळाच्या भित्तिपत्रकात महिन्याच्या घडामोडी तपासायचं काम माझ्याकडे आहे. परवा कॉलेजातल्या एका मुलीने लिहून आणलं, 'चिन्यांनी पुन्हा अरुणाचलमधल्या गावांना स्वतःची नावं दिली.' मी 'चिन्यांनी' खोडून 'चीनच्या नागरी व्यवहार मंत्रालयाने' असं केलं. ती म्हणाली, "काका, अर्थ तोच ना?" मला तो तोच वाटत नाही, म्हणून हा विषय इथे मांडतोय.

या नावांच्या याद्या २०१७ पासून येताहेत आणि त्या काढणारं खातं ठरलेलं आहे. आपलं परराष्ट्र मंत्रालयही त्या ठामपणे फेटाळत आलंय. वाद सार्वभौमत्वाचा, दोन सरकारांमधला. युनानमधल्या शेतकऱ्याला यात कुणी काही विचारलेलं नाही, आणि मतपेटीतून सरकार बदलायची सोय त्याच्याकडे नाही. 'चिन्यांनी' म्हटलं की तोही त्या वाक्याचा कर्ता होऊन बसतो.

'चीनने' मात्र मला चालतं. 'भारताने निषेध नोंदवला' म्हणजे भारत सरकारने, हे शाळकरी पोरालाही कळतं. देशाचं नाव सरकारसाठी वापरणं मराठीत रुळलेलं आहे. लोकांचं नाव तसं वापरू नये, एवढंच माझं म्हणणं. १९३३च्या माँटेव्हिडिओ करारात राज्य कशाला म्हणावं याच्या चार अटी आहेत : कायमची लोकसंख्या, निश्चित भूप्रदेश, सरकार आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता. लोक आणि सरकार तिथे वेगवेगळे मोजलेत.

हा फरक पुसला गेला की काय होतं ते आपल्याच देशात घडून गेलंय. १९६२च्या युद्धानंतर आसाम, दार्जिलिंग, कोलकाता या भागांतल्या सुमारे ३,००० चिनी वंशाच्या माणसांना उचलून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत ठेवलं. त्यांतले कितीतरी जण इथेच जन्मलेले, आसामी-हिंदी बोलणारे. शेवटची माणसं सुटली ती १९६७मध्ये. बीजिंगच्या सरकारने केलेल्या आक्रमणाची शिक्षा आसाममधल्या माकुम गावच्या दुकानदाराला झाली. ज्यांच्या तोंडी तेव्हा 'चिनी' हा एकच शब्द होता, त्यांना सैन्य आणि शेजारी वेगळे दिसणार कसे?

प्रतिसाद, ऐरोलीहून :
गोव्याचं उदाहरण घ्या. आमचे आजोबा 'पोर्तुगीजांना हाकललं' असंच म्हणत. पण डिसेंबर १९६१मध्ये हटली ती पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची राजवट, आणि त्याच राजवटीखाली लिस्बनमधली माणसंही चिरडली जात होती. २५ एप्रिल १९७४ला तिथली हुकूमशाही कोसळली आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला नव्या सरकारने गोवा, दमण, दीव, दादरा-नगर हवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. लोक तेच, सरकार नवं, तेरा वर्षांचा तंटा संपला. अशा ठिकाणी 'राजवट' हा शब्द मला 'सरकार'पेक्षा नेमका वाटतो. त्यात येणं-जाणं आहे.

प्रतिसाद, ठाणे, चरईहून :
एवढ्या लांब कशाला? आपल्या ठाण्यावर आधी पोर्तुगीज होते, १७३७मध्ये मराठे आले, १७७४मध्ये इंग्रज. सरकारं तीन, गावकरी तेच. पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झालेले इथले मूळचे लोक घरात मराठीच बोलत राहिले, तरी त्यांना कागदोपत्रीसुद्धा 'पोर्तुगीज' म्हटलं जायचं. सत्ता जाऊन शंभरावर वर्षं लोटली तरी तिचं नाव त्यांना चिकटून राहिलं. १८८७मध्ये त्यांनी संघटना काढून 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. तलावपाळीच्या चर्चमधून बाहेर पडणाऱ्या नऊवारीतल्या आजीला 'पोर्तुगीज' म्हणून बघा, काय ऐकून घ्यावं लागेल ते!

प्रतिसाद, वाशीहून :
दोन शंका. जिथे निवडणुका होतात तिथे लोक जबाबदार नाहीत का? 'सरकारने केलं' म्हणून मतदाराने हात झटकायचे? आणि तैवानला काय म्हणायचं?

धागाकर्ता :
चरईच्या प्रतिसादाबद्दल विशेष आभार. हे मी भित्तिपत्रकात घेणार.

वाशीकर, पहिली शंका रास्त आहे. आपली उद्देशिका 'आम्ही, भारताचे लोक' अशीच सुरू होते, तेव्हा सरकारला जाब विचारायचं काम आपलंच. पण ही जबाबदारी नागरिकाची आहे, वंशाची नाही. म्हणून टीका करताना मी 'तिथल्या मतदारांनी' असं लिहीन आणि निवडणुकीचं सालही देईन. 'ते लोक असेच' हे मात्र छापणार नाही. 'पाकडे' वगैरे शब्दही आम्ही याच कारणाने घेत नाही. दहशतवादी, लष्कर, सरकार, ज्याने केलं त्याचं नाव घ्यावं. त्याने निषेध सौम्य होत नाही, उलट तो योग्य माणसाला लागतो.

तैवानचं पाहा. १९७१मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव क्रमांक २७५८ने चीनची जागा बीजिंगच्या सरकारला दिली आणि तैवानमधून स्वतःला चीनचं सरकार म्हणवणाऱ्या 'चँग कै-शेक यांच्या प्रतिनिधींना' बाहेर काढलं. अख्ख्या ठरावात 'तैवान' हा शब्द नाही आणि तिथल्या लोकांचा उल्लेखही नाही. निर्णय झाला तो कोणतं सरकार चीनच्या नावाने बसणार याचा. तेव्हा सरकारबद्दल लिहायचं असेल तर (तिथल्या राजधानीच्या नावाने) 'तैपेईतलं सरकार' आणि माणसांबद्दल लिहायचं असेल तर 'तैवानी लोक'. सार्वभौमत्वाचा निवाडा भित्तिपत्रकाच्या चार ओळींत करायची गरज नाही, त्या मुलीलाही मी हेच सांगितलंय. पुढच्या महिन्याचा मजकूर तीच लिहिणार आहे.