जुन्या कॉमिकचं सुटं पान: जपायचं, विकायचं की दुसऱ्या अंकात जोडायचं?

पर्वरीकर

माझं मत आधीच मांडतो, मग खुशाल भांडू. जुन्या कॉमिकचं सुटं पान, फाटकं कव्हर, मधलं जोडपान (एकाच कागदावरची शेजारशेजारची दोन पानं) यांना संग्रहात मानाची जागा मिळायला हवी. पण पान हे पान म्हणूनच ठेवायचं. दुसऱ्या अंकाची पानं घुसवून त्याचा 'पूर्ण अंक' करायचा नाही, आणि पान मिळावं म्हणून धडधाकट अंक उसवायचा तर मुळीच नाही.

विषय आत्ता काढायचं कारण असं. गोव्यात बार्देशातल्या एका नातेवाइकांचं जुनं घर विकायला काढलंय. माळ्यावर मराठी 'इंद्रजाल कॉमिक्स'ची पानं निघाली. कव्हर एकालाही नाही, पिना गंजून गळालेल्या. फोटो टाकताच एकाने विचारलं, 'वेताळचं (म्हणजे फँटमचं) मधलं जोडपान तेवढं काढून पाठवा, बाकीचं राहू दे.' दुसरा म्हणाला, 'कव्हर माझ्याकडे आहे, आतली पानं द्या, अंक पुरा करून विकू.' दोघांनाही नाही म्हटलंय.

इंद्रजालचा पहिला अंक मार्च १९६४ चा. गोवा मुक्त होऊन तेव्हा जेमतेम सव्वादोन वर्षं झाली होती, मुंबईशी ये-जा नुकती मोकळी झाली होती. इथल्या घरांत त्या काळात आलेलं मुलांचं वाचन म्हणून या पानांना जी किंमत आहे, ती कव्हर नसल्याने कमी होत नाही.

तिकडे अमेरिकेत 'ॲक्शन कॉमिक्स'च्या जून १९३८ च्या पहिल्या, सुपरमॅनच्या पदार्पणाच्या अंकाची एक प्रत २०१४ मध्ये ३२ लाख डॉलरला गेली, २०२४ मध्ये दुसरी एक ६० लाखांना. त्याच अंकाचं एखादं सुटं पानही तिथे तपासून, पेटीबंद करून मिळतं. त्याला आकड्यात श्रेणी देत नाहीत, 'फक्त पान' एवढीच नोंद असते. हा प्रामाणिकपणा मला पटतो. आपल्याकडे असं का होऊ नये?

वाचनवेडी_फोंडा

पर्वरीकर, तुमच्या हेतूबद्दल शंका नाही. पण बाजार हेतू बघत नाही, भाव बघतो. सुट्या पानाला भाव आला की कुणीतरी धडका अंक उसवणारच. चोरीची गाडी अख्खी विकण्यापेक्षा तिचे सुटे भाग विकणं सोपं पडतं, तसं.

हे असंच होत आलंय. १९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या गेब्रिएल वेल्स या ग्रंथविक्रेत्याने पंधराव्या शतकात छापलेल्या गुटेनबर्ग बायबलची एक प्रत उसवली आणि पानं सुटी करून विकली. प्रत मुळात अपुरी होती, असं त्याचं समर्थन आजही केलं जातं. बरं, ती अपुरी होती. पण इराणच्या शाह तहमास्पच्या सोळाव्या शतकातल्या शाहनाम्याचं काय? २५८ चित्रांचा तो ग्रंथ. आर्थर ह्यूटन नावाच्या अमेरिकन संग्राहकाने १९७० च्या दशकापासून त्यातली पानं काढून विकली. उरलेला भाग १९९४ मध्ये इराणला परत मिळाला, तोही चित्रकार डी कूनिंगच्या एका चित्राच्या बदल्यात. चित्रं जगभर पांगली ती पांगलीच.

अपुऱ्या प्रतीपासून सुरुवात होते आणि धडक्या ग्रंथापर्यंत हात पोचतो. म्हणून माझा विरोध पान जपायला नाही, त्यावर अस्सलपणाचा शिक्का मारायला आहे. शिक्क्याने भाव वाढतो आणि भावाने कात्री निघते. पानं स्कॅन करा, घरात नीट ठेवा, खरेदीदारांना दारातूनच परत पाठवा.

टाइपकेस

मी छापखान्यात आयुष्य काढलंय, म्हणून अस्सल कसं ओळखायचं एवढ्यापुरतंच बोलतो. शिक्का मारा किंवा मारू नका, ओळखता आलं पाहिजे, नाहीतर फसवणारा निवांत राहील.

आधी पानांचे आकडे बघा. मधोमध पिना मारलेल्या ३२ पानी अंकात एका कागदावर ४ पानं येतात आणि शेजारच्या जोडीची बेरीज ३३ भरते: १ शेजारी ३२, ५ शेजारी २८, मधोमध १६ आणि १७. ५ च्या पाठीला ६, २८ च्या पाठीला २७. कुणी ३२ पानी अंकाचं म्हणून जोडपान दिलं आणि त्यावर ५ आणि २४ असतील, तर एकतर अंक ३२ पानी नाही किंवा दोन वेगवेगळी अर्धी चिकटवली आहेत. घडीवरून बोट फिरवा, चिकटवलेली घडी बोटाला जाड लागते.

मग भिंग. छपाईतल्या प्रत्येक रंगाचे ठिपके ठरावीक कोनात, ओळीने बसलेले दिसतात. इंकजेटचे शिंतोडे ओळ धरत नाहीत. लेझरची पावडर कागदात न मुरता वर बसते आणि तिरप्या उजेडात चकाकते. लबाडीचा सगळ्यात हुशार प्रकार म्हणजे जुनं पान स्कॅन करून पुन्हा ऑफसेटवर छापणं. तिथे काळी रेघ बघा. मूळ छपाईत चित्राची रेघ आणि संवादाच्या फुग्यातली अक्षरं सलग काळी असतात. स्कॅनवरून छापलेल्या पानात बहुधा तीच रेघ कडेला ठिपक्यांत फुटलेली दिसते आणि रंगांत जाळीवर जाळी पडते.

अतिनील टॉर्चचा लोक फार गाजावाजा करतात. कागद निळसर पांढरा उजळला तर त्यात चमक आणणारं रसायन आहे, आणि कागदात त्याचा सर्रास वापर १९५० च्या दशकापासूनचा. त्यामुळे १९३८ चं म्हणून दिलेलं पान झगमगलं तर विषयच संपला. १९६४ च्या कव्हरच्या गुळगुळीत कागदाला मात्र ही कसोटी एकटी पुरत नाही. आतला वर्तमानपत्री कागद बहुतेक वेळा मंदच राहतो.

पिवळेपणा कडेकडून आत येतो, कारण हवा आणि उजेड आधी कडेला लागतो. चहाच्या पाण्यात बुडवून म्हातारं केलेलं पान घडीपासून कडेपर्यंत एकसारखं तपकिरी असतं आणि त्यावर पाण्याची रेषा उमटते. गंजही बघा. पिनेचा गंज कागदात उतरतो आणि शेजारच्या पानांवर त्याच उंचीवर डाग पाडतो. दोन पानांचे डाग जुळत नसतील तर ती एका अंकातली नाहीत. शिवाय अंक वर्षानुवर्षं मिटून पडला की समोरच्या पानावर उलटी, फिकी छाप उमटते. ती जुळली तर ही पानं समोरासमोर होती, याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

कव्हरशोधक

टाइपकेसबाबांच्या यादीत आकाराची भर घालतो. त्याच 'ॲक्शन कॉमिक्स' क्रमांक १ चं त्याच्या प्रकाशकाने, डीसीने, १९७४ मध्ये मोठ्या आकारात पुनर्मुद्रण केलं. बाहेरचं कव्हर काढून टाकलं की आत जुन्यासारखंच दिसणारं कव्हर निघतं, आणि ते अस्सल म्हणून खपवायचे प्रयत्न झालेत. इंचपट्टी लावली की खेळ संपतो, पुनर्मुद्रण जवळजवळ साडेतेरा इंच उंच आहे.

इंद्रजालसाठी दोन सोप्या कसोट्या. इंग्रजी मालिकेत १२३ आणि १२४ हे क्रमांक संपामुळे निघालेच नाहीत, तेव्हा त्या क्रमांकाचं कव्हर कुणी दाखवलं तर नमस्कार करून उठा. दुसरी, वेताळच्या जंगलाचं मूळचं बंगाला हे नाव इंद्रजालने बदलून डेंकाली केलं होतं. जुनं पान म्हणून दिलंय आणि फुग्यात बंगाला असेल, तर शंका घ्या.

जोडकाम_मडगाव

मी जोडणारा माणूस आहे आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. दोन फाटक्या अंकांतून एक वाचता येणारा अंक तयार होतो. कॉमिक ही गोष्ट आहे, पान ७ ते पान २७ गायब असेल तर ती गोष्ट उरतच नाही. माझ्या पुतण्यांनी वेताळ वाचला तो असाच जोडलेल्या अंकांतून. तुम्ही म्हणता तशी एकेक पानं पाकिटात घालून ठेवली तर ती वाचणार कोण? संग्राहकांना कागदाची एवढी माया, मग गोष्टीची का नाही?

पर्वरीकर

जोडकाम, वाचण्यासाठी जोडा, माझं भांडण डिंकाशी आणि गप्प बसण्याशी आहे. एकदा डिंक लावला की पान परत सुटत नाही, आणि पुढच्या पिढीत तोच अंक 'पूर्ण, मूळ' म्हणून विकला जातो. तेव्हा सांगायला तुम्ही नसता. पानं न चिकटवता एका पुठ्ठ्यात लावा, आणि मऊ पेन्सिलीने पुठ्ठ्यावर लिहा: कव्हर नाही, पानं ९ ते १२ दुसऱ्या प्रतीतली. पुतण्यांना वाचायला स्कॅन छापून द्या, मूळ पानाला हात कमी लागतील.

वाचनवेडी, तुमचा शाहनाम्याचा दाखला मनाला लागला. तरीही माझं मत बदलत नाही. शिक्का नसताना काय होतं ते आजच दिसतंय: कव्हरवाल्याला आतली पानं मिळाली असती तर कुणाला कळलंही नसतं. माझी मागणी अशी की नोंदीत पानाबरोबर 'बाकीचा अंक कुठे आहे' हाही रकाना असावा. माळ्यावर फाटून पडलेलं पान आणि परवा ब्लेडने कापलेलं पान वेगळं ओळखता येतं. ताज्या कापाची कड पांढरी आणि सरळ असते, पिवळेपणा तिथे अचानक तुटतो.

वाचनवेडी_फोंडा

ताजी कड चार पावसाळ्यांत जुनी होते, निदान आपल्या हवेत. मग?

आणि रकाना भरणार विकणाराच ना. 'माळ्यावर असंच मिळालं' लिहायला कितीसा वेळ लागतो?

सासष्टीकर

चर्चा इंद्रजालवरच फिरतेय म्हणून थोडं बाजूचं. आमच्या घरात १९६१ पूर्वीची पोर्तुगीज चित्रमासिकांची, साप्ताहिकांची पानं आहेत. 'मुंदो दे आव्हेंतुरास' हे १९४९ पासूनचं, 'कावालेइरो आंदांते' १९५२ ते १९६२ मधलं. माझे सासरे त्यावर पोर्तुगीज वाचायला शिकले. वेताळ त्यांनी मराठीत वाचण्याआधी 'फांतास्मा' म्हणून पाहिला होता. आता अशी पानं गोव्यात कुणालाच नको असतात. मराठी संग्राहक म्हणतात आमची भाषा नाही, आणि पोर्तुगीज वाचणारी माणसं आमच्या घरांतून गेली.

एक सावधगिरी सांगते. त्या पानांवर किंमत १$५० अशी छापलेली असते. ते डॉलर नव्हेत, एस्कुदो आणि सेंताव्हू यांच्या मध्ये तेच चिन्ह घालायची पोर्तुगालची रीत होती. एका दलालाने ही पानं 'अमेरिकन' म्हणून विकायला मागितली होती.

वाचनवेडीताई, तुमचं 'घरात नीट ठेवा' मला मान्य होत नाही. सासष्टीतल्या घरात जून ते सप्टेंबर कपाट उघडलं की बुरशीचा वास येतो. कसर आणि वाळवी वेगळीच. घरातलं पान दहा वर्षांनी असेल याची खात्री मी देऊ शकत नाही. ही पानं पणजीत पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला द्यावीत असं मला वाटतं. १८३२ पासूनची संस्था आहे, पोर्तुगीज काळातलं छापील साहित्य तिथे आहेच.

जोडकाम_मडगाव

ग्रंथालय म्हटलं की मला बाइंडर आठवतो. कुठल्याही जुन्या वाचनालयातले बांधीव अंक काढून बघा: कव्हरं फेकलेली, तिन्ही कडा यंत्राखाली कापलेल्या, वर शिक्का थेट चित्राच्या चेहऱ्यावर. मी जोडतो तेव्हा निदान कापत तरी नाही.

पर्वरीकर, पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहायचं मान्य. डिंक सोडायला मात्र तयार नाही, फाटलेलं पान हातात धरवत नाही.

टाइपकेस

जोडकामबाब, चिकटवायचंच तर बाजारातला डिंक आणि सेलोटेप दोन्ही बाजूला ठेवा. सेलोटेपचा गोंद कागदात उतरतो, तपकिरी पट्टा पडतो आणि तो जात नाही. गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ आणि पातळ जपानी कागद वापरा. ओलसर करून तो जोड पुन्हा सोडवता येतो. लॅमिनेशन तर कुणीही करू नये, मग ते पान तपासताही येत नाही.

वाचनवेडीताईंचा मुद्दा मी खोडू शकत नाही. रकाना खोटा भरला जाईल हे खरं आहे. पण खोटी नोंद लिहिलेली असली तर निदान पकडता येते. आज लिहिलेलंच काही नसतं.

सासष्टीकरबाई, ग्रंथालयाला देताना आधीच लेखी विचारून घ्या की अंक बांधणार का, कडा कापणार का. आणि देण्याआधी प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी, शेजारी इंचपट्टी ठेवून, फोटो काढून घ्या. पिनेची भोकं दिसली पाहिजेत. गंजलेली पिन ओढू नका, मागून टोकं सरळ करून हळू काढतात, नाहीतर भोक फाटतं आणि जुळणी बघायचा पुरावाच जातो.

सासष्टीकर

पिना अजून तशाच आहेत. मला ते काम स्वतः करायचा धीर होत नाही. कुणी बघून देईल का?

टाइपकेस

शुक्रवारी बाजारासाठी म्हापशात असतो. भिंग आणि टॉर्च बरोबर आणतो. पानं प्लास्टिकच्या फायलीत घालून आणू नका, दोन कोऱ्या पुठ्ठ्यांत सपाट ठेवून आणा, आणि पाऊस असेल तर पुढच्या शुक्रवारी.