एकाच बॅचमध्ये १९ किलोचं आणि ४६ किलोचं मूल: बॅलन्सचा सराव कसा घ्यावा?

त्रिमूर्तीनगरकर: नागपुरात सोसायटीच्या हॉलमध्ये ७ ते १० वर्षांची १४ मुलं जिम्नॅस्टिक्सला येतात. साधनं म्हणजे चार फोल्डिंग मॅट, वॉल बार (भिंतीवरच्या आडव्या दांड्या) आणि जमिनीलगतचे दोन लाकडी बीम, १० सेंमी रुंदीचे. जड मुलं बीमवरून अर्ध्यातच उतरतात, फॉरवर्ड रोलमध्ये (पुढच्या कोलांटीत) त्यांच्या मानेवर भार येतो. बारीक मुलं बीम पार करतात, पण प्लँकमध्ये (पालथं, हात आणि चवड्यांवर अंग सरळ तोलताना) १० सेकंदांत कोसळतात. वजनाप्रमाणे दोन गट करावेत का?

बीमवाले सर: वजनाप्रमाणे अजिबात नको. गट का पाडले हे मुलांना लगेच कळतं आणि जड मूल यायचंच बंद होतं. जमतं काय, त्यावर गट करा. अनवाणी, हात कमरेवर, एक पाय उचललेला, नजर भिंतीवरच्या खुणेवर. असं एकेका पायावर २० सेकंद उभं राहणं जमलं तर बीम, नाही तर फरशीवर चिकटवलेली १० सेंमीची पट्टी. पट्टीनंतर दोन्ही बीम एकमेकांना लावून २० सेंमी रुंदी करा, मग एकच बीम. स्पर्धेचा बीम १२५ सेंमी उंच असला तरी रुंदी हीच १० सेंमी, म्हणून पाऊल टाकणं खालीच पक्कं होतं. आधी बोटं किंचित बाहेर वळवून टेकवायची, मग टाच. नजर पायाकडे नाही, बीमच्या टोकाकडे.

मूल उतरतं तेव्हा मागून त्याचा घोटा बघा. बहुतेक वेळा तळवा आत झुकतो, पाठोपाठ गुडघा आत येतो, कंबर बाहेर जाते आणि तोल सुटतो. उपाय म्हणजे टाचा उचलणं. वॉल बार धरून दोन्ही टाचांमध्ये टेनिस बॉल दाबायचा, वर जायचं, ३ सेकंद घेत खाली यायचं. असे ८ चे दोन सेट. बॉल पडला म्हणजे घोटा वाकला, मुलाला स्वतःलाच कळतं.

मॅट आणि माती: रोलचं सांगतो. मानेवर भार येतो कारण हात लवकर दुमडतात आणि कंबर वर जात नाही. जड मुलाला सपाट मॅटवर रोल देऊच नका. घडी घातलेल्या दोन मॅटवर तिसरी टाकून उतार करा, वरच्या टोकाकडून सुरुवात. हनुवटीखाली रुमाल धरायला लावा, रोल संपेपर्यंत तो पडता कामा नये. आधार देताना एक हात मांडीमागे, दुसरा खांद्यांच्या पाठीमागे. मान कधीही दाबायची नाही. त्याआधी दोन आठवडे अस्वलचाल (गुडघे न टेकवता हातापायांवर चालणं) द्या, म्हणजे हातांवर वजन पेलायची सवय होते.

उडी मारून उतरायला ३० सेंमीपेक्षा उंच नको, एका दिवसात १० पुरे. कान द्या: ‘धप्प’ वाजलं तर गुडघे ताठ होते. चवड्यावर उतरून टाच टेकवायची, गुडघे बोटांच्या रेषेत.

बारीक मुलांना प्लँक ५ सेकंदांचा, चार वेळा. कोपर उलटं वाकतंय का पाहा. वाकत असेल तर प्लँक कोपरं टेकवून करू द्या.

सकाळची बॅच: मे महिन्यात पत्र्याखाली सराव असेल तर सहालाच सुरू करून सातला संपवा. दर १५ मिनिटांनी पाणी, मागायची वाट पाहू नका. येण्याआधी तर्री पोहे नकोत, एक केळं बरं.

जड मूल लंगडत असेल किंवा मांडीत, गुडघ्यात दुखतं म्हणत असेल तर त्या दिवशी सराव बंद, अस्थिरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा. खुब्याचं दुखणं पुष्कळदा गुडघ्यात जाणवतं, आणि या वयात उशीर महागात पडतो. आणि सगळ्यांसमोर वजनकाट्यावर कुणालाही उभं करू नका.

त्रिमूर्तीनगरकर: उतार आजच करून पाहिला, छान बसतो. पण गुळगुळीत फरशीवर खालची मॅट सरकते.

मॅट आणि माती: खाली रबरी योगा मॅट उलटी अंथरा, खालचं टोक भिंतीपासून किमान दोन मीटर लांब ठेवा. रोज सुरुवातीला फरशी ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा, धुळीमुळेच जास्त सरकतं.