[मदत हवी आहे] कागदावर ‘नाना’ असा शेरा आहे, 19 वर्षांनी डिसॅबिलिटी पेन्शन मागता येईल का?

साताऱ्याची_सून

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या सासऱ्यांचा आहे. आबा इन्फंट्रीत होते. 24 वर्षं नोकरी करून ऑगस्ट 2006 ला हवालदार म्हणून घरी आले. सर्व्हिस पेन्शन व्यवस्थित चालू आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

गेल्या महिन्यात ट्रंक आवरताना मेडिकल बोर्डाच्या कागदांची झेरॉक्स सापडली. हायपरटेन्शन (बीपी), 30 टक्के अपंगत्व, आयुष्यभरासाठी, आणि पुढे ‘नाना’. मला आधी वाटलं हे कुणी नाना नावाचे साहेब असतील! नंतर कळलं, आजार नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीमुळे वाढलेलाही नाही, असा त्याचा अर्थ. सोबत 2007 चं रेकॉर्ड ऑफिसचं पत्र होतं, डिसॅबिलिटी पेन्शन नामंजूर. सहा महिन्यांत अपील करा, असं त्यात होतं. आबांनी केलं नाही. विचारलं तर म्हणाले, “बीपी गावात निम्म्या लोकांना आहे, त्याचं काय पेन्शन मागायचं?”

आता गावात एकजण मागे लागलाय. 19 वर्षांची सगळी थकबाकी काढून देतो, त्यातले 30 टक्के माझे, आत्ता 15 हजार द्या. घरातली मंडळी तयार झालीत. मला धाकधूक वाटते. 2019 पासून आबांना शुगरही आहे, तीही अर्जात घालू असं तो म्हणतो. काय करावं?

रिटायर्ड_सुभेदार

जय हिंद ताई. पहिली गोष्ट, 15 हजार देऊ नका. दुसरी, शुगर यात ओढू नका. बोर्डाने जे लिहिलं त्यावरच भांडायचं. निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी आलेला आजार घुसवला की बरा दावाही कच्चा दिसतो.

बोर्डाच्या फॉर्मवर पोस्टिंगचा तक्ता असतो: कधीपासून कधीपर्यंत, कुठे, आणि शेवटी ‘पी’ किंवा ‘एफ’. पी म्हणजे पीस, शांत ठिकाण; एफ म्हणजे फील्ड, मोहिमेचा भाग. बीपी पहिल्यांदा कुठे सापडलं आणि त्या ओळीत काय लिहिलंय ते बघून सांगा.

साताऱ्याची_सून

बघितलं. बीपी 2003 ला सापडलं. तेव्हा आबा काश्मीरमध्ये, सीमेवरच्या कुपवाड्याला. ओळीत ‘पी’ आहे. झेरॉक्स पुसट आहे, पण पी-च आहे.

रिटायर्ड_सुभेदार

कुपवाडा पीस? लिहिणाऱ्या बाबूला एकदा तिथे रात्रीच्या अ‍ॅम्बुशला बसवायला हवं होतं.

ताई, तुमची सगळी केस या एका अक्षरावर आहे. बीपी शांत ठिकाणी नाही, फील्डच्या ताणात आलं, हे दाखवायचं. डिस्चार्ज बुकात मेडल आणि ऑपरेशनच्या नोंदी बघा, ‘ऑप रक्षक’ (काश्मीरमधली दहशतवादविरोधी मोहीम) लिहिलेलं सापडेल. मग आबांच्या नावाने रेकॉर्ड ऑफिसला माहिती अधिकाराचा अर्ज टाका. 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडा. अर्ज केंद्र सरकारच्या ऑफिसला आहे, कोर्ट फी स्टॅम्प लावू नका. मागायचं काय, तर मेडिकल बोर्डाची पूर्ण प्रत, शीट रोल (जवानाच्या नोकरीच्या नोंदींचा कागद), आणि भरतीच्या वेळची मेडिकल तपासणी.

कोर्टाची_पायरी

सुभेदारसाहेबांच्या म्हणण्यात थोडी भर. धर्मवीर सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने 2 जुलै 2013 ला सांगितलं, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान धडधाकट होता असंच धरायचं. आजाराचा नोकरीशी संबंध नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सैन्याची, आणि संशयाचा फायदा जवानाला. आबा 2006 ला सुटले, म्हणजे 1982 चे नियम लागू. त्या नियमांच्या परिशिष्टात ताणतणावाने बळावणाऱ्या आजारांमध्ये हायपरटेन्शन आहेच. (2008 नंतर आणि सप्टेंबर 2023 नंतर सुटलेल्यांचे नियम वेगळे आहेत. त्यांनी इथून जसंच्या तसं उचलू नये.)

दावा मान्य झाला तर 30 टक्क्यांचे 50 धरले जातात. डिसेंबर 2014 च्या राम अवतार निकालानंतर पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यांनाही ही सोय मिळाली. 100 टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या, भत्ते सोडून, 30 टक्के रक्कम मिळते. त्या हिशोबाने 50 ला 15 टक्के, सर्व्हिस पेन्शनच्या वर.

थकबाकीचं मात्र तो माणूस खोटं सांगतोय. तरसेम सिंग नावाचा जवान 1983 ला आजारपणामुळे सैन्यातून सुटला आणि 1999 ला हायकोर्टात गेला. 2008 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याची थकबाकी अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांपुरती ठेवली. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, मागचे पैसे बुडतात. तुमचा दर महिन्याचा उशीर मागच्या टोकाचा एक महिना खातोय.

आधी उशिराचं कारण देऊन रेकॉर्ड ऑफिसला अपील करा. नाही म्हणाले किंवा सहा महिने उत्तरच आलं नाही, तर सशस्त्र बल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ. महाराष्ट्र, गोवा, गुजरात तिथेच येतात. पोचपावती जपा.

चाकणवाला

धागा भरकटवतोय, माफ करा. भाऊ कंपनीत आहे, चार महिने टीबीने घरी. ईएसआयचे (कामगार विम्याचे) पैसे तीन महिन्यांनी बंद झाले. संपलं का?

कोर्टाची_पायरी

नाही. साधा आजारपणाचा लाभ वर्षात 91 दिवसच, 70 टक्क्यांनी. टीबी दीर्घ आजारांच्या यादीत आहे, त्याला 80 टक्क्यांनी दोन वर्षांपर्यंत मिळतो. नोकरी विम्याखाली सलग दोन वर्षं झालेली हवी, आणि मागच्या चार वर्गणी कालावधींत (प्रत्येकी सहा महिने) मिळून 156 दिवसांची वर्गणी. शाखा कार्यालयात ‘विस्तारित आजारपण लाभ’ असं नाव घेऊन विचारा. नुसतं “पैसे बंद का झाले” विचारलंत तर 91 दिवस संपले एवढंच उत्तर मिळेल. पुढचं वेगळा धागा काढून विचारा.

साताऱ्याची_सून

दोन महिन्यांनी लिहितेय. माहिती अधिकारात शीट रोल आला. कुपवाड्याच्या ओळीत हिरव्या शाईत स्वच्छ ‘एफ’ आहे. भरतीच्या तपासणीत बीपी 120/80.

दोन्ही कागद आबांसमोर शेजारी शेजारी ठेवले. बीपीवर ते काहीच बोलले नाहीत. पण तो ‘पी’ बघून चष्मा काढला आणि म्हणाले, “पीस? तिथं आमची दोन पोरं गेली.” आणि स्वतःच पेन मागितला. अपिलावर सही केली, काल स्पीड पोस्टाने पाठवलं. 15 हजारवाल्याला आबांनीच उंबऱ्यावरून परत लावला.

एकच शंका राहिली. न्यायाधिकरणात जायची वेळ आली तर आबांना प्रत्येक तारखेला मुंबईला जावं लागतं का? एसटीने सहा तास बसणं आता त्यांना जमत नाही.

कोर्टाची_पायरी

नाही, वकील हजर राहिला की चालतं. वकीलपत्र आणि प्रतिज्ञापत्रावर सही लागेल, ती साताऱ्यात नोटरीपुढे करता येते. पोस्टाच्या पावतीचा फोटो काढून ठेवा, ती शाई काही महिन्यांत उडते.