मोठ्या शहरात गाडी ठेवावी की विकावी? तातडीने सल्ला हवा आहे

वाटसरू:
नमस्कार. मोठ्या शहरात राहून स्वतःची गाडी बाळगणे परवडते का, एवढाच माझा प्रश्न आहे. गाडी उत्तम स्थितीत आहे, तिने आजवर कधी वाटेत दगा दिलेला नाही आणि मी ती फार वापरतही नाही, त्यामुळे इंधनाचा खर्च जवळजवळ नसल्यासारखाच आहे. तरीही तिच्या नावाने खात्यातून सतत काही ना काही वजा होत असते. गाडी उभी करण्यासाठी घेतलेल्या जागेचा करार या आठवड्यात संपतो आहे. पुढच्या पूर्ण वर्षाचे भाडे एकरकमी भरायचे की गाडी विकून मोकळे व्हायचे, हे मला शनिवारपर्यंत ठरवायचे आहे. 'परिस्थितीवर अवलंबून आहे' असे उत्तर कृपया देऊ नये. अनुभवी मंडळींनी 'ठेवा' किंवा 'विका' एवढे सांगितले तरी पुरे आहे.

चौकस:
एका शब्दात उत्तर देण्याची माझी तयारी आहे, परंतु गाडी किती वर्षांची आहे, कर्ज फिटले आहे का, ती पेट्रोलवर चालते की डिझेलवर, महिन्याकाठी साधारण किती किलोमीटर फिरते आणि घरात ती चालवणारे किती जण आहेत, यांपैकी एकही गोष्ट आपण लिहिलेली नाही. 'फार वापरत नाही' याचा अर्थ प्रत्येकाच्या लेखी वेगळा असतो.

विद्युतगती:
विकून टाका आणि विजेवर चालणारी घ्या. इंधनाचा खर्च एका झटक्यात कमी होईल, शिवाय इंजिन ऑइल बदलण्याची कटकटही उरणार नाही. मी हेच केले आणि मला कधी पश्चात्ताप झाला नाही.

जमाखर्च:
विद्युतगती, धागाकर्त्यांचा इंधनाचा खर्च मुळात नगण्य आहे, हे त्यांनी तिसऱ्याच वाक्यात सांगितलेले आहे. जो खर्च होतच नाही, तो वाचवण्यासाठी नव्या गाडीचे भांडवल गुंतवायला सांगणे, हा सल्ला कोणत्या हिशेबात बसतो?

वाटसरू:
गाडी सहा वर्षांची आहे आणि कर्ज फिटलेले आहे. कामावर मी लोकलने जातो, गाडी सुट्टीच्या दिवशी बाहेर निघते. कर्ज नसल्यामुळे माझ्या मते ती आता फुकटातच पडते आहे आणि खरा प्रश्न केवळ जागेच्या भाड्याचा उरतो. एवढी माहिती पुरेशी असावी.

जमाखर्च:
'कर्ज फिटले, म्हणजे गाडी फुकटात' हा समज दूर झाल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपण गाडी कितीला घेतली, हे आता विसरून जावे. ते पैसे केव्हाच गेले आणि गाडी ठेवली काय किंवा विकली काय, ते परत येणार नाहीत. विचारात घ्यायचा आकडा वेगळा आहे. आज गाडी विकली तर हातात किती येतील आणि हाच व्यवहार एक वर्षाने केला तर किती येतील, या दोन रकमांमधला फरक म्हणजे पुढच्या वर्षीचा घसारा. त्याची पावती कोणी पाठवत नाही आणि तो कुठल्याही खात्यातून वजा होत नाही, म्हणूनच तो बहुतेकांच्या हिशेबातून निसटतो. त्यात आज हातात येणाऱ्या रकमेवर वर्षभरात जे व्याज मिळाले असते तेही मिळवावे, मग विम्याचा हप्ता, कर, जागेचे भाडे आणि गाडी हलो वा न हलो, वर्षातून एकदा करावी लागणारी सर्व्हिसिंग. हा झाला ठरलेला खर्च. चाक एकदाही फिरले नाही तरी तो होतोच. इंधन, टायरांची झीज, पथकर आणि बाहेर गेल्यावर मोजावे लागणारे पार्किंगचे पैसे हा चालता खर्च. तो किलोमीटरप्रमाणे वाढतो.

आता टॅक्सीशी तुलना करू. टॅक्सीचा दर किलोमीटरचा दर आणि स्वतःच्या गाडीचा दर किलोमीटरचा चालता खर्च यांतला फरक काढावा आणि त्याने वर्षाच्या ठरलेल्या खर्चाला भागावे. येणारे उत्तर म्हणजे वर्षाचे ते किलोमीटर, ज्यांच्या खाली टॅक्सी स्वस्त आणि ज्यांच्या वर स्वतःची गाडी स्वस्त. उदाहरणादाखल काल्पनिक एकके घेऊ: ठरलेला खर्च ६०,०००, टॅक्सी किलोमीटरला २०, गाडीचा चालता खर्च किलोमीटरला ८. फरक १२, म्हणून उत्तर ५,००० किलोमीटर. याच उदाहरणात गाडी वर्षाला २,५०० किलोमीटरच फिरली, तर एकूण खर्च ८०,००० होतो आणि प्रत्येक किलोमीटर ३२ एककांना पडतो, म्हणजे टॅक्सीच्या दीडपटीहूनही अधिक. 'मी गाडी फार वापरत नाही' हे आपण काटकसर म्हणून सांगितलेत, परंतु हिशेबात ते बरोबर उलट्या बाजूला जाऊन बसते.

आपले आकडे घालून पाहा आणि उत्तर इथे लिहा.

शांत सारथी:
जमाखर्च यांचे गणित निर्दोष असेलही, पण माणूस गाडी गणितासाठी बाळगत नाही. मध्यरात्री घरातले कोणी आजारी पडले, मुसळधार पावसात एकही टॅक्सी यायला तयार नसली, तर भागाकाराचे उत्तर कागदावरच राहते. दारात गाडी आहे या जाणिवेचे मोल आपल्या एककांत कुठे धरले आहे? मी म्हणेन, ठेवा.

पायवाट:
हा मध्यरात्रीचा प्रसंग अशा प्रत्येक चर्चेत हमखास येतो, म्हणून विचारते की तो खरोखर कसा पार पडतो, हे कोणी नजरेसमोर आणले आहे का? रुग्ण मागच्या आसनावर, घाबरलेला नातेवाईक चालकाच्या जागी, आणि रुग्णालयाच्या दारात पोहोचल्यावर रुग्णाला सोडून गाडी लावायला कुणी जायचे, हा पेच. त्या वेळी रुग्णवाहिका किंवा दुसऱ्याने चालवलेले वाहनच अधिक उपयोगी पडते. मी गाडी विकली तेव्हा वाचलेल्या पैशांतून टॅक्सीसाठी वेगळी रक्कम बाजूला काढून ठेवली, आणि मग भाडे देताना हात आखडत नाही. स्वतःची गाडी असलेली माणसे टॅक्सीचे प्रत्येक भाडे मोजतात आणि घसारा मात्र मोजत नाहीत, ही खरी गंमत आहे. बाहेरगावी जायचे असेल त्या दिवसांपुरती गाडी भाड्याने घ्यावी.

शांत सारथी:
सुट्ट्या लागून आल्या की भाड्याची गाडी मिळत नाही आणि मिळालीच तर दुप्पट भावाने मिळते, हेही लिहायला हवे होते. सगळ्यांना एकाच दिवशी बाहेर पडायचे असते.

पायवाट:
दुप्पट भाव वर्षातल्या त्या मोजक्या दिवसांपुरता द्यावा लागतो. उभ्या गाडीचे भाडे मात्र रोज चालू असते.

बारा-तेराचा पाना:
माझे आयुष्य गाड्यांखाली गेले आहे, त्यामुळे हिशेबाचे हिशेबवाल्यांनी पाहावे; मी उभ्या गाडीचे काय होते तेवढे सांगतो. कुलूप, गजर आणि संगणक यांच्यासाठी बंद गाडीही बॅटरीतून थोडा प्रवाह ओढत असते. तो ५० मिलिअँपिअर धरला, तर दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात आणि ४५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन आठवड्यांत निम्म्याहून अधिक रिकामी होते. शिसे-आम्लाची बॅटरी तशाच अवस्थेत पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट होतो आणि मग ती पूर्ण भार घेईनाशी होते. पुष्कळ जण आठवड्यातून एकदा गाडी जागेवरच दहा मिनिटे चालू ठेवतात आणि आपण तिची काळजी घेतली असे समजतात. प्रत्यक्षात तेवढ्या वेळात बॅटरीत फारसे काही भरले जात नाही, इंजिन पुरेसे तापत नाही, आणि ज्वलनातून तयार झालेले पाणी ऑइलमध्ये व सायलेन्सरमध्ये साठून सायलेन्सर आतून गंजू लागतो.

टायरचेही तसेच आहे. नक्षी शाबूत दिसते म्हणून टायर चांगला, असे नसते. टायरच्या बाजूवर लंबगोलात शेवटी चार आकडे असतात, त्यांतले पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३२१ असेल तर तो टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. पाच वर्षे उलटल्यावर टायर दरवर्षी तपासून घ्यावेत, कारण रबर वयानेही कडक होते आणि त्याला भेगा पडतात. आपली गाडी सहा वर्षांची असून टायर मूळचेच असतील, तर त्यांच्यासाठी पैसे वेगळे काढून ठेवा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, तेही किलोमीटर न पाहता साधारण दोन वर्षांनी बदलावे. आणि गाडी बरेच दिवस उभी ठेवणार असाल, तर सपाट जागी ती गिअरमध्ये ठेवून चाकांना लाकडी ठोकळे लावावेत, हँडब्रेक ओढून ठेवू नये. तो चिकटून बसतो.

पेट्रोल की डिझेल, हे मात्र आपण अजून सांगितलेले नाही.

उजळ:
विकण्याचा विचार असेल, तर पुढच्या दिव्यांच्या पिवळ्या पडलेल्या काचा आधी पॉलिश करून घ्या. गाडी एकदम नवी दिसू लागते. बारीक पॉलिश कागद पाण्यात भिजवून आडवा फिरवावा, गोल फिरवू नये.

वाटसरू:
काचा कशा आहेत, हे मी विचारलेले नाही. गाडी डिझेलची आहे. जमाखर्च यांच्या पद्धतीने हिशेब केला असता, मला जितके किलोमीटर फिरायला हवेत त्यांच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच माझा वापर निघतो, परंतु घसारा मी अंदाजाने धरला आहे. तसा समोरच्या पट्टीवर मधूनमधून एक दिवाही लागतो, पण गाडी व्यवस्थित चालते. आता तरी कोणी स्पष्ट उत्तर देईल का?

बारा-तेराचा पाना:
कोणता दिवा? डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी धूर बराच वेळ तापलेला राहावा लागतो, आणि तो मोकळ्या रस्त्यावर सलग वेगाने गाडी चालवली तरच तसा राहतो. घर ते बाजार एवढ्याच फेऱ्या असतील, तर गाळणी तुंबत जाते. दिवा पिवळा असेल, तर बहुधा एका लांबच्या फेरीने काम भागते. लाल असेल, तर गाडी गॅरेजमध्येच न्यावी लागते आणि गाळणी बदलावी लागली तर तो खर्च मोठा असतो. शहरात कमी फिरणाऱ्या माणसाने डिझेल गाडी घेऊ नये, असे मी कधीपासून सांगत आलो आहे. रंग सांगा.

दूरदेशी:
सगळ्या चर्चेत जागेचा मुद्दा बाजूला पडतो आहे, वास्तविक मोठ्या शहरात गाडीपेक्षा जागाच महाग असते. जपानमध्ये बहुतेक ठिकाणी गाडी नोंदवण्याआधी ती उभी करायला हक्काची जागा असल्याचा दाखला पोलिसांकडून घ्यावा लागतो. सिंगापुरात १९९० पासून गाडी बाळगण्याचा हक्कच बोली लावून विकत घ्यावा लागतो आणि तो दहा वर्षांपुरता असतो. लंडनने २००३ मध्ये शहराच्या मध्यभागी शिरण्यावर शुल्क लावले. या शहरांनी जागेची किंमत उघडपणे मागितली. इतरत्र ती भाड्यात आणि दंडाच्या पावत्यांत लपलेली असते.

चौकस:
माहिती रोचक आहे, तथापि धागाकर्त्यांकडे शनिवारपर्यंतच वेळ आहे आणि ते सिंगापुरात बोली लावणार नाहीत. वाटसरू, माझा एक प्रश्न अनुत्तरित आहे. घरात गाडी चालवणारे दुसरे कोणी आहे का?

वाटसरू:
घरात मी एकटाच चालवतो. गाडी तशी थोरल्या ताईच्या नावावर आहे, ती दुसऱ्या गावी असते आणि तिने मला वापरायला दिलेली आहे. विम्याचा हप्ता तीच भरते, मी तिला पैसे पाठवतो. परंतु सगळा खर्च मीच करत असल्यामुळे त्याने काही फरक पडत नाही.

जमाखर्च:
फरक पडतो, आणि बराच पडतो. गाडी आपण विकूच शकत नाही; हस्तांतराच्या कागदांवर सही ताईंचीच लागेल. विकल्यावर येणारी रक्कम कायद्याने त्यांची, म्हणजे मी आपल्याला मोजायला लावलेला घसारा आणि व्याज हा आपला खर्चच नव्हे, तो ताईंचा आहे. आपला खर्च जागा, विमा, कर आणि दुरुस्ती एवढाच राहतो. तेवढेच घेऊन भागाकार पुन्हा करा. उत्तर खाली येईल. मात्र ताई त्या गाडीतून दरवर्षी किती गमावत आहेत, हे त्यांना ठाऊक आहे का, हा आता हिशेबाबाहेरचा प्रश्न झाला.

पायवाट:
विमा कंपनीला गाडी कोणत्या शहरात उभी असते आणि ती रोज कोण चालवतो, हे कळवलेले आहे का? अनेक देशांत हप्ता यावरच ठरतो आणि माहिती चुकीची निघाली तर भरपाईचा दावा अडतो. आधी पॉलिसीचा कागद काढून वाचा.

शांत सारथी:
आता माझेही मत बदलले. गाडी ताईंकडे पोहोचवून द्यावी, म्हणजे ना विकण्याचा प्रश्न, ना जागेचा. जाताना लांबचा रस्ता असल्यामुळे ती गाळणीही मोकळी होईल.

वाटसरू:
ताईशी बोललो. तिला गाडी परत नको आहे आणि लगेच विकायचीही नाही, कारण भाचा गाडी चालवायला शिकतो आहे आणि परवाना मिळाला की ती त्याला द्यावी, असे तिच्या मनात आहे. हे मलाही आजच कळले. जागेच्या मालकांना वर्षाऐवजी तीन महिन्यांचा करार कराल का, असे विचारले. दर महिन्याचे भाडे थोडे वाढवून ते तयार झाले आहेत. विमा कंपनीला उद्या फोन करतो. 'ठेवा' किंवा 'विका' या माझ्या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणीच सरळ दिले नाही, हे नमूद करतो.

विद्युतगती:
भाच्यासाठी विजेवर चालणारी पाहा. शिकायला सोपी पडते, क्लच नसतो.

बारा-तेराचा पाना:
तीन महिने तर तीन महिने, पण त्या दिव्याचा रंग कोणता आहे?

वाटसरू:
पिवळा. बहुतेक. खाली जाऊन पाहतो.