बॅलन्स सायकल झाली, आता साइडची चाकं लावायची का?

कृषीनगरची_आई

मुलगी साडेतीन वर्षांची आहे. वर्षभर बॅलन्स सायकल चालवतेय, म्हणजे पायडल नसलेली, पायांनी ढकलत न्यायची ती. आता पार्किंगच्या उतारावरून दोन्ही पाय उचलून खालपर्यंत येते, वळणावर आपोआप कलते. गेल्या आठवड्यात आजोबांनी हौसेने १४ इंची पायडलची सायकल आणली. दुकानदाराने साइडची चाकं बसवूनच दिली होती, ती मी काढली. तेव्हापासून घरात धुसफूस सुरू आहे.

माझं म्हणणं असं, की सायकलमध्ये अवघड असतो तो तोल, आणि तो तिला येतो. मग चाकं लावून आलेला तोल घालवायचा कशाला? तोल आलेल्या मुलांना ही चाकं लावूच नयेत, असं मला ठामपणे वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

पंचवटीकर_काका

असहमत. आम्ही तासावर भाड्याची सायकल आणून शिकलो. आधी लंगडी, मग दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल, मग सीट. एकदम सीटवर कुणी बसवलं नाही. पायडल सोपं असं तुम्ही मोठ्या माणसाच्या पायांनी म्हणताय. एवढ्याशा जिवाने पाय गोल फिरवायचे, समोर बघायचं, हँडल सरळ धरायचं, सगळं एकाच वेळी? महिनाभर चाकांवर बसू दे, पायांना सवय लागू दे, मग काढा. पोर एकदा जोरात आपटलं की सायकलचं नाव काढत नाही, हे मी नातवंडांत बघितलंय.

पाना_पकड

काका, लंगडीत तुम्ही एक पाय पायडलवर ठेवून दुसऱ्याने ढकलत होतात. म्हणजे तोल आधी, पायडल नंतर. ही मुलगी त्याच वाटेने आलीय.

साइडची चाकं सायकलला कलू देत नाहीत. वळताना सायकल आत झुकायला हवी, ती ताठ राहते, मग मूल अंग बाहेर टाकायला शिकतं. चाकं काढल्यावर हीच सवय नडते. दुसरं म्हणजे आपल्या सोसायट्यांचे पेव्हर ब्लॉक. जरा खचलेल्या जागी साइडची दोन चाकं काठांवर टेकतात आणि मधलं मागचं चाक अधांतरी राहतं. पोर पायडल मारतंय, सायकल जागची हलत नाही. उतारावर असं झालं तर मागचा ब्रेक दाबूनही उपयोग नाही, कारण ते चाक जमिनीवरच नसतं.

ताई, चाकांबरोबर पायडलंही काढा. सीट इतकी खाली घ्या की दोन्ही तळवे पूर्ण टेकतील, आणि काही दिवस हीच मोठी बॅलन्स सायकल म्हणून फिरवू द्या. वजनाची सवय झाली की पायडल लावा. पाना बहुतेक १५ चा लागतो. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं की सुटतं. उलट जोर लावलात तर आणखी आवळत जाईल.

इंदिरानगर_९

"लावूच नयेत" हे वाचून वाईट वाटलं. माझ्या मुलाच्या स्नायूंत ताकद कमी आहे, फिजिओथेरपी चालू आहे. साइडच्या चाकांमुळे तो संध्याकाळी खाली मुलांत जायला लागला. त्याच्यासाठी ती चाकं म्हणजे मित्र आहेत.

कृषीनगरची_आई

तुमच्या मुलासाठी काय बरं ते तुम्हालाच कळणार, ती चाकं राहू द्याच. मी बोलतेय ते तोल आलेल्या मुलांबद्दल, आणि तिथे मत कायम आहे.

मधुरा_सिडको

मला दोन्हीकडची घाई खटकते. चाकांवर एवढी चर्चा, ब्रेकवर कुणी बोलत नाही! बॅलन्स सायकलवर मूल पाय घासून थांबतं. पायडलच्या सायकलवरही घाबरलं की पाय खालीच जाणार, आणि फिरतं पायडल नडगीवर बसणार. त्यात स्वस्त सायकलींचे ब्रेक इतके कडक, की मोठ्यांनाही जोर लावावा लागतो. आधी तिच्या बोटांनी ब्रेक दाबला जातो का ते बघा. नसेल तर मेकॅनिककडून तार सैल करून, लिव्हर हँडलजवळ घेऊन द्या. मग सायकलशेजारी चालत "थांब" म्हटलं की ब्रेक, हा खेळ रोज खेळा. हात न विचारता ब्रेककडे जायला लागला की मग पायडल.

शिवाय १४ इंची लोखंडी सायकल आठेक किलोची, मुलगी चौदा-पंधरा किलोची. अंगावर पडली तर उचलता येईल का तिला? चार वर्षांची होईपर्यंत थांबलात तर काय बिघडतं?

पंचवटीकर_काका

ब्रेकचं शंभर टक्के पटलं. चाकांबद्दल अजून नाही. आणि शिकवणार कुठे, तेही सांगा. याच नाशिकच्या डॉ. महाजन बंधूंनी २०१५ साली 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पुरी केली, ऊर भरून येतो. पण लेकरांना पहिलं पायडल मारायला सपाट, गाड्या नसलेला तुकडा कुठे आहे? गोल्फ क्लब मैदानावर क्रिकेटचे चेंडू, रस्ते सिंहस्थाच्या कामांनी खणलेले. पार्किंगमध्ये गाडी कधी मागे येईल सांगता येत नाही. म्हणून मला चाकं हवीशी वाटतात, निदान पोर हळू जाईल.

पाना_पकड

जागेची तक्रार खरी आहे. पण गाडी मागे येत असेल तर पोराला चटकन वळता आणि थांबता यायला हवं, आणि चाकांवर नेमकं तेच जमत नाही. रविवारी सकाळी लवकर एखाद्या शाळेच्या पटांगणाची परवानगी काढा, आम्ही तसंच केलं. हेल्मेट घाला. मागे पळताना हँडल किंवा सीट धरू नका, काखेत हलका हात ठेवा, म्हणजे तोल तिचा तीच सांभाळेल.

कृषीनगरची_आई

पायडलं आज काढते. ब्रेक उद्या मेकॅनिकला दाखवते, लिव्हरपर्यंत तिची बोटं खरंच पोचत नाहीत, आत्ताच बघितलं. चार वर्षांपर्यंत थांबणं मात्र होणार नाही, ती रोज सकाळी उठून त्या सायकलची घंटी वाजवतेय.

मधुरा_सिडको

मग ब्रेक होईपर्यंत उतारावर नेऊ नका, एवढं ऐका.